जिवंत साठा, मृत साठा : उजनीच्या काठावरून

'धरणात उणे साठ टक्के पाणी' हे वाक्य सोलापूर जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला प्रथमदर्शनी मुद्रणदोष वाटण्याचा संभव आहे. पाणी एकतर असते किंवा नसते. ते शून्याच्या खाली जाते कसे? उजनीकाठच्या माणसाला मात्र या वाक्यात काहीच खटकत नाही. माढा तालुक्यातील उजनी गावाजवळ भीमेवर बांधलेले आणि १९८० मध्ये पूर्ण झालेले हे धरण एकूण सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट, पाणी साठवते. त्यातले तळाचे ६३.६६ टीएमसी 'मृत साठा' म्हणून हिशेबातून बाजूला काढलेले असते आणि त्यावरचे ५३.५७ टीएमसी 'जिवंत' किंवा 'उपयुक्त' मानले जाते. टक्केवारी मोजायची ती फक्त या वरच्या थराची. पाण्याची पातळी ४९१.०३ मीटरवर आली की धरण 'शून्य टक्के' होते. त्याखाली गेली की उणे. २०२४ च्या उन्हाळ्यात ही उतरण उणे साठच्या जवळ पोचली होती. तेव्हाही तलावात ३१ टीएमसीहून अधिक पाणी होते. पुणे शहराला पाणी देणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणे काठोकाठ भरली तरी मिळून सुमारे २९ टीएमसीच होतात, हे लक्षात घेतले म्हणजे 'मृत' या शब्दाचा अर्थ किती सावधपणे घ्यावा लागतो ते कळते.

जलसंपदा खात्याच्या परिभाषेतले हे दोन शब्द आम्ही येथे उसने घेत आहोत, ते एका अगदी वेगळ्या क्षेत्रातल्या अलीकडच्या घडामोडीचा इतिहास सांगण्यासाठी. संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचे जे साधन असते, व्यवहारात ज्याला 'कोड एडिटर' म्हणतात, त्यात गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्ता येऊन बसली. आणि त्याही पुढे जाऊन या बुद्धिमत्तेला आंतरजालावरचा चालू, त्या क्षणीचा शोध जोडण्यात आला. साहित्याच्या अभ्यासकांनी या कारागिरांच्या साधनाकडे कशासाठी पाहावे, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे म्हणणे असे, की साठवलेले ज्ञान आणि आत्ता आणलेली वार्ता एकाच वाक्यात मिसळली जाण्याचा हा प्रसंग आहे, आणि वाक्य हा आपला विषय आहे.

उदाहरण उजनीचेच घेऊ. समजा, टेंभुर्णीच्या किंवा इंदापूरच्या एखाद्या तरुण अभियंत्याला धरणाची टक्केवारी काढणारी छोटी आज्ञावली लिहायची आहे. तो एडिटरमधल्या सहायकाला मराठीत किंवा इंग्रजीत तसे सांगतो. सूत्र सोपे आहे : एकूण साठ्यातून ६३.६६ वजा करावेत, उरलेल्याला ५३.५७ ने भागावे, शंभराने गुणावे. सहायक हे क्षणार्धात लिहून देतो. एकूण साठा मृत पातळीहून कमी झाला तर उत्तर ऋण येईल, तेव्हा ते चूक समजून शून्य करू नये, एवढी सूचना तेवढी माणसाने करावी लागते. कारण इतर ठिकाणी रूढ असलेल्या आज्ञावल्यांत ऋण टक्केवारी ही बहुधा चूकच असते. पुढे तो तरुण विचारतो, 'आज धरणात किती पाणी आहे?' इथे गंमत संपते. भाषेचे मॉडेल हे अब्जावधी पानांच्या वाचनातून घडलेले असते आणि ते वाचन एका तारखेला थांबलेले असते. त्यानंतरचा पाऊस त्याला ठाऊक नाही. पण 'ठाऊक नाही' असे म्हणण्याची त्याला मुळात सवय नसते. त्याचे काम पुढचा संभाव्य शब्द देणे हे आहे, आणि 'आज उजनी धरणात' या शब्दांनंतर संभाव्य काय, तर एक टक्केवारी. ती टक्केवारी ते देऊन टाकू शकते. तिचे वळण, तिचा दशांश, तिच्यापुढचा 'क्युसेक विसर्ग', सारे अस्सल वाटावे असे असते.

हा धोका गणिताचा नाही, शैलीचा आहे. बातमीची शैली पूर्ण आत्मसात झालेली आणि बातमी मात्र नाही, अशी ही अवस्था. ती दूर करण्यासाठीच चालू शोध जोडण्याची गरज निर्माण झाली. तथापि, साठवलेले आणि ताजे यांच्यातले हे अंतर काही या यंत्राबरोबर जन्मलेले नाही. भीमेच्या या पट्ट्यात त्याचा माग बराच मागे जातो.

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत संक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, चारा ठेवतात आणि त्याच्या वागण्यावरून येत्या वर्षाचे पाऊसपाणी वर्तवतात. परंपरेने साठवलेले ज्ञान आणि त्या क्षणीचे निरीक्षण यांची ती एक सांगड आहे. तिच्या खरेखोटेपणाची चर्चा येथे अप्रस्तुत. लक्षात घेण्याजोगे एवढेच, की त्यात कोणता भाग परंपरेचा आणि कोणता वासराचा, हे जमलेल्या प्रत्येकाला दिसत असते.

दुसरी खूण लोखंडाची. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग १८५८ मध्ये पुण्याहून भीमेच्या अलीकडे डिकसळपर्यंत आला, १८५९ मध्ये नदी ओलांडून बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत गेला आणि १८६० मध्ये सोलापूरला पोचला. रुळांबरोबर तारायंत्राच्या ताराही आल्या. भारतात तारसेवा १८५५ मध्ये लोकांसाठी खुली झालेली होती आणि ती २०१३ च्या जुलैपर्यंत चालली. तार ही या काठावरची पहिली 'जिवंत' वार्ता म्हणावी लागेल. ती आली की कोणी तिला ग्रंथ समजले नाही आणि ग्रंथाला कोणी तार समजले नाही. तारेचा कागद वेगळा, भाषा तुटक, वर तारीख व वेळ. (उजनीच्या पाण्यामुळे पुढे लोहमार्गच बाजूला सरकवावा लागला आणि करमाळा-इंदापूर तालुक्यांना जोडणारा डिकसळचा जुना रेल्वे पूल रस्त्याच्या वाहतुकीकडे आला. या पुलाचा इतिहास कोणी तरी स्वतंत्रपणे लिहायला हवा.)

ग्रंथांच्या बाजूला गॅझेटियर होते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरविषयीचा विसावा खंड १८८४ चा. महाराष्ट्र शासनाने काढलेली त्याची सुधारित आवृत्ती १९७७ ची. या दुसऱ्या तारखेकडे वाचकांनी लक्ष द्यावे. धरण १९८० चे आणि ग्रंथ १९७७ चा. अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने जिल्ह्याचा अधिकृत वृत्तांत आणि जिल्ह्याचा भूगोल यांची फारकत झाली. ज्या गावांचे वर्णन पूर्वीच्या नोंदींत 'नदीकाठी' असे होते ती गावे पाण्याखाली गेली आणि जी नदीपासून दूर होती ती काठावर आली. यात गॅझेटियरकारांचा दोष नाही. छापलेल्या प्रत्येक ग्रंथाला मुद्रणाची तारीख असते, आणि ती मुखपृष्ठाच्या मागे छापलेली असते म्हणूनच ग्रंथ प्रामाणिक राहतो. केतकरांच्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'ला विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांतला कोश म्हणूनच आपण उघडतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून १९७६ पासून निघू लागलेल्या 'मराठी विश्वकोशा'लाही हाच प्रश्न पडला. नोंदी सतत अद्ययावत कशा ठेवाव्यात यावर त्या मंडळाने पुढे विषयवार 'ज्ञानमंडळां'ची योजना आखली, हे त्या प्रश्नाचे एक उत्तर होते.

म्हणजे दीडएकशे वर्षे कोश आणि तार या दोन वाटा शेजारून पण वेगळ्या चालत होत्या. आता त्या एक होत आहेत. ते कसे झाले, ते थोडक्यात पाहू.

२०२० मध्ये फेसबुकच्या संशोधन विभागातील पॅट्रिक लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. मॉडेलने केवळ आपल्या स्मृतीतून न लिहिता आधी एका संग्रहातून संबंधित उतारे शोधून आणावेत आणि मग त्यांच्या आधाराने लिहावे, ही त्यातली कल्पना. २०२१ च्या जूनमध्ये गिटहबने 'कोपायलट' हा सहायक कोड एडिटरमध्ये चाचणीसाठी आणला. तो शोध घेत नसे. पुढची ओळ सुचवत असे. त्याच वर्षअखेरीस ओपनएआयने आंतरजालावर शोध घेऊन संदर्भासह उत्तर देणाऱ्या एका प्रायोगिक मॉडेलविषयी लिहिले. २०२२ च्या ३० नोव्हेंबरला चॅटजीपीटी लोकांपुढे आले तेव्हा त्याचे ज्ञान सप्टेंबर २०२१ पाशी थांबलेले होते, आणि ही तारीख काही काळ विनोदाचा विषय झाली होती. २०२३ मध्ये त्याला बाहेरची साधने जोडण्याच्या सोयी आल्या. 'कर्सर'सारखे, मॉडेलला मध्यवर्ती धरूनच रचलेले एडिटर याच सुमारास पुढे आले.

अडचण ही, की प्रत्येक एडिटरला प्रत्येक साधन निराळ्या रीतीने जोडावे लागे. २०२४ च्या २५ नोव्हेंबरला अँथ्रॉपिक या कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाचा खुला संकेत जाहीर केला आणि जोडणीची एक सामायिक पद्धत उपलब्ध झाली. पुढच्याच वर्षी ओपनएआय आणि गूगल यांनीही तिला मान्यता दिली. आरंभी दिलेल्या नमुना-जोडण्यांत ब्रेव्ह या शोधयंत्राची जोडणी होती, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे.

या जोडणीची कार्यपद्धती नीट समजून घेतली पाहिजे, कारण 'यंत्र आंतरजालावर जाऊन पाहते' हा समज चुकीचा आहे. मॉडेल कुठेही जात नाही. त्याला आधी एक यादी दिलेली असते : अमुक नावाचे साधन आहे, ते अमुक करते, त्याला अमुक माहिती पुरवावी लागते. शोधाची गरज आहे असे दिसले की मॉडेल ठरावीक साच्यात एक मागणी लिहिते, जसे ग्रंथालयात आपण पुस्तकाच्या नावाची चिठ्ठी लिहून खिडकीतून आत सरकवतो. ती चिठ्ठी एडिटर वाचतो, हवी तर वापरणाऱ्याची संमती घेतो आणि शोधसेवेकडे नेतो. तिकडून आलेली पाने, बहुधा कापूनछाटून, मजकुराच्या रूपात मॉडेलपुढे ठेवली जातात. मग मॉडेल आपली स्मृती आणि हा ताजा मजकूर दोन्ही समोर ठेवून उत्तर लिहिते. म्हणजे सारे काही वाचन आणि लेखनच आहे : मागणी हे लेखन, आलेले पान हा पाठ, उत्तर हे पुन्हा लेखन.

आणि इथेच आमची खरी चिंता सुरू होते. उत्तरातल्या एका वाक्यात धरणाची क्षमता स्मृतीतून येते, आजची पातळी शोधातून येते आणि या दोहोंना जोडणारे 'त्यामुळे' मॉडेल स्वतःचे घालते. गद्य सलग असते. सांधा दिसत नाही. पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना ही परिस्थिती परिचयाची वाटेल. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती प्रतींत शिरलेल्या अपपाठांमुळे. मूळ कोणते आणि मागाहून शिरलेले कोणते हे ओळखण्याची कसोटी तेव्हापासून मराठी विद्वत्तेचा एक कणा आहे. प्रक्षेप वाईट असतोच असे नाही; कित्येकदा तो सुंदर असतो. पण तो प्रक्षेप आहे हे सांगता आले पाहिजे. काही एडिटर शोधातून आलेल्या विधानांपुढे दुवे देतात, ही चांगली चाल आहे. परंतु दुवा वाक्याच्या शेवटी असतो आणि वाक्यातला कोणता शब्द त्या पानावर होता व कोणता नव्हता, हे त्यावरून कळत नाही.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. शोध जिवंत असला तरी सापडलेले पान जिवंत असेलच असे नाही. उजनीच्या बातम्या दरवर्षी जवळजवळ त्याच शब्दांत येतात : जानेवारी-फेब्रुवारीत किंवा पुढे 'उजनी उणेमध्ये', जुलैत 'दौंडची आवक वाढली', ऑगस्टमध्ये 'उजनी शंभर टक्के'. (धरण भरल्यावर टक्केवारी शंभराच्याही पुढे जाते, शून्याखाली आणि शंभरावर असा दोन्हींकडे संचार असणारी ही संख्या गणिताच्या शिक्षकांनी वर्गात अवश्य वापरावी.) या बातम्यांत 'सोमवारी सकाळी सहा वाजता' असे लिहिलेले असते. कोणत्या सोमवारी? वर्तमानपत्राच्या कागदी अंकात हा प्रश्न उद्भवत नव्हता, कारण तारीख पानाच्या माथ्यावर होती आणि अंक दुसऱ्या दिवशी रद्दीत जात असे. आंतरजालावर मात्र २०१९ चा सोमवार आणि कालचा सोमवार शेजारीशेजारी उभे असतात. 'आज', 'काल', 'येथे' हे दर्शक शब्द आपापल्या प्रसंगातून सुटून तरंगू लागतात. भाषाशास्त्राच्या तासाला आपण ज्या दर्शकांचा अर्थ प्रसंगावलंबी असल्याचे शिकवतो, त्यांचा प्रसंग हरवला की काय होते, याचा इतका सोपा नमुना दुसरा नसेल. मॉडेलपुढे पान येते ते अनेकदा छाटलेले. छाटणीत पहिल्यांदा गळते ती वरची तारीख.

तिसरा मुद्दा नावांचा. हे धरण 'उजनी' आहे, 'भीमा प्रकल्प' आहे आणि 'यशवंतसागर'ही आहे. रोमन लिपीत त्याची वर्णलेखने दोन-तीन तरी होतात. याशिवाय लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात बासुंदीसाठी नावाजलेले दुसरे उजनी आहे. माणूस संदर्भावरून हे गाव की ते गाव ओळखतो. शोधयंत्राला आपण काय लिहून देतो त्यावर सारे अवलंबून. आमचे निरीक्षण असे, की मराठीत प्रश्न विचारला तरी मॉडेल पुष्कळदा मागणीची चिठ्ठी इंग्रजीत लिहिते. का? कारण त्याच्या स्मृतीच्या तळाशी इंग्रजीचा साठा अफाट आहे. आणि इंग्रजी चिठ्ठीला उत्तर म्हणून येतात ती इंग्रजी पाने : भिगवणचे रोहित पक्षी, पर्यटनाची वर्णने, राष्ट्रीय वृत्तपत्रांतले दुष्काळाचे वृत्तांत. धरणग्रस्तांच्या सभांचे वृत्त, पाणीवाटपाच्या वादातली तालुक्याची बाजू, गाळपेराचे तंटे ही सारी मराठीत, तीही स्थानिक पत्रांत. तेथवर चिठ्ठी पोचतच नाही.

पोचली तरी वाचता येईल असे नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या निरनिराळ्या टंकांत घडवला गेला, त्यांतली अक्षरे संगणकाच्या दृष्टीने देवनागरी नव्हतीच. पडद्यावर देवनागरी दिसणाऱ्या त्या रोमन खुणा होत्या. त्या काळातली कितीतरी शासकीय परिपत्रके आणि मासिकांचे अंक आज संकेतस्थळांवर आहेत, डोळ्यांना वाचता येतात, पण शोधात सापडत नाहीत. जुनी कागदपत्रे तर केवळ छायाचित्रे. त्यामुळे 'जिवंत' शोध म्हणून जो गाजतो तो प्रत्यक्षात मराठीच्या एका पातळ वरच्या थरावरूनच फिरतो. खाली केवढा साठा आहे! तो मृत म्हणावा, तर उजनीचा अनुभव आड येतो : टंचाईच्या वर्षी सोलापूर शहराची तहान भागवण्यासाठी दुबार आणि तिबार उपसा करून पाणी ओढले जाते ते त्या 'मृत' साठ्यातूनच. उपशाची यंत्रे बसवावी लागतात, एवढाच काय तो फरक. मराठीच्या बाबतीत ही यंत्रे म्हणजे जुन्या टंकांतील मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर, छायाचित्रांतील अक्षरांचे वाचन, आणि मुख्य म्हणजे ते तपासणारी माणसे.

चालू विदा यंत्राला जोडण्याचा प्रयत्न याच खोऱ्यात आधी झालेला आहे, आणि तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गाजावाजापूर्वीचा आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात, २०१० नंतरच्या काही वर्षांत, कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत पाऊस व नदीपातळी मोजणारी स्वयंचलित केंद्रे उभी करून त्यांच्या नोंदी दूरसंदेशाने एकत्र आणण्याची आणि त्यांवरून पुराचे व धरण-परिचालनाचे अनुमान करण्याची यंत्रणा उभारण्यात आली. उजनीला तिची गरज का होती, हे काठावरच्या कोणालाही विचारावे. करमाळा-माढ्यात पाऊस पडो न पडो, धरण भरते ते सह्याद्रीतल्या पावसाने. भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड या नद्यांचे पाणी दौंडला एकवटून खाली येते. म्हणून इथला शेतकरी आपल्या आभाळाकडे पाहण्याआधी 'दौंडला किती चालू आहे' ते विचारतो. खाली पंढरपूरला त्याहून निराळी काळजी : उजनीचा विसर्ग आणि वीर धरणातून नीरेत सोडलेले पाणी नरसिंहपूरच्या संगमावर एकाच वेळी येऊ नये.

शेजारच्या बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग चालवला, त्यातही तत्त्व हेच : उपग्रहाची चित्रे, हवामान, जमिनीतल्या ओलाव्याची मोजमापे ही चालू माहिती मॉडेलला पुरवायची आणि सल्ला शेतकऱ्याच्या भाषेत द्यायचा. २०२५ च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचे २०२९ पर्यंतचे धोरणही संमत केले. उसाच्या सल्ल्याचा पाण्याच्या राजकारणाशी येथे अतूट संबंध आहे, तो विषय मोठा आहे. आम्ही तो आज सोडून देतो.

मात्र एका तारखेजवळ थांबणे भाग आहे. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात जलाशयात उलटली आणि सहा जण बुडून मरण पावले. धरणापूर्वी हे दोन काठ नदीच्या दोन बाजू होते. धरणानंतर त्यांच्यामध्ये विस्तीर्ण पाणी आले आणि रस्त्याने जायचे तर दूरचा वळसा. वाऱ्याची वार्ता कोठे तरी होती की नव्हती, ती असती तर नावाड्याने बोट थांबवली असती की नाही, यावर बोलण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण 'जिवंत माहिती' या शब्दांची चर्चा केवळ आज्ञावलीकारांच्या सोयीपुरती ठेवता येत नाही, हे त्या संध्याकाळीने दाखवले. माहिती जिवंत असण्याला दोन टोके असतात : ती कोठून निघते आणि कोणाच्या हाती, कोणत्या वेळी पडते. एडिटरला शोध जोडणारे पहिल्या टोकाचा पुष्कळ विचार करतात.

त्या पहिल्या टोकालाही पहारेकऱ्याची गरज आहेच. शोधातून आलेले पान हा मॉडेलच्या दृष्टीने केवळ मजकूर. त्यात कोणी 'यापूर्वीच्या सर्व सूचना विसर आणि अमुक कर' असे लिहून ठेवले, तर माहिती आणि आज्ञा यांत फरक न करता मॉडेल ते पाळू लागण्याचा धोका असतो. सायमन विलिसन यांनी २०२२ मध्ये या प्रकाराला नाव दिले, आणि आज्ञावली लिहिणाऱ्या साधनाच्या बाबतीत तो अधिक भयावह आहे, कारण हे साधन संगणकावरच्या फायली बदलू शकते. वाचलेल्या प्रत्येक वाक्याची आज्ञा होणे ही वाचकाची फार जुनी दुर्बलता. यंत्राने ती आपल्याकडूनच घेतली असावी. याच्या जोडीला मालकीचा प्रश्न आहे. चालू शोध पुरवणाऱ्या सूच्या मोजक्या कंपन्यांच्या हातांत आहेत. मायक्रोसॉफ्टने बिंगच्या शोधाची इतरांना दिलेली जुनी जोडणी २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंद केली, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्यांना दुसरीकडे धाव घ्यावी लागली. दरवाजे कोणाच्या हाती, यावर पाणी कोणाचे ते ठरते, हे उजनीच्या कालव्यांवर राहणाऱ्यांना निराळे सांगायला नको. २०२१ मध्ये इंदापूरला ५ टीएमसी पाणी देण्याच्या निर्णयावरून सोलापूर जिल्ह्यात जे आंदोलन उसळले आणि ज्यापुढे तो आदेश मागे घ्यावा लागला, ते याच जाणिवेतून.

जलाशय खूप उतरला की इंदापूर तालुक्यात जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर उघडे पडते. २०२४ मध्येही पडले. तेव्हा छायाचित्रकार येतात, बातम्या होतात आणि शोधयंत्रावर पळसदेव 'जिवंत' होते. पाऊस आला की मंदिर बुडते आणि बातम्यांचा ओघही आटतो. महामार्गालगत वसलेले पुनर्वसित पळसदेव मात्र वर्षभर तेथेच असते. शाळा भरते, बाजार भरतो, त्याची कोणी बातमी करीत नाही. कोणत्याही मॉडेलला 'पळसदेव' हा शब्द दिला तर दुष्काळातले मंदिर पुढे येण्याचाच संभव अधिक. त्या दोन पळसदेवांमधली वर्षे, म्हणजे भूसंपादनाच्या नोटिसा, मोबदल्याचे अर्ज, नव्या गावठाणातली घरे, बदललेली शिवारांची नावे, ही सरकारी दप्तरांत आणि वृद्धांच्या बोलण्यात आहेत. बुडालेल्या शिवारांची नावे त्याच क्रमाने सांगू शकणारी पिढी आता सत्तरीच्या पुढे गेली आहे, आणि या काठावरच्या महाविद्यालयांत मराठीचे विभाग आहेत.